नदीपल्याडची बाग

बूट काढून ठेवा. मोबाइल आणि घड्याळही ठेवा. तुम्ही निघाला आहात तिथला तास ऋतूप्रमाणे लांबतो आणि आखडतो, आणि तो देवळाच्या घंटेवरूनच कळतो. अंगात एकेरी सुती किमोनो चढवा, कमरेला पट्टा आवळा, पायात भाताच्या पेंढ्याच्या चपला घाला. खांद्यावर एक लांबोडका पंचा असू द्या, घामाला लागेल. पट्ट्यात एक सुतळी खोचा. तिच्यात तांब्याची नाणी ओवली आहेत, प्रत्येकाच्या मधोमध चौकोनी भोक. या नाण्याचं नाव मोन. अशी सोळा मोजलीत की कढत सोबा-नूडल्सचा वाडगा हातात पडतो, आणि भूक लागणारच आहे.

आता डोळे उघडा. हे एदो. याला पुढं जग तोक्यो म्हणेल. साल १८२० च्या आसपासचं, भाद्रपदातली पौर्णिमा दोन दिवसांवर आलेली, आणि पावसाळा सरला तरी उकाडा काही हटलेला नाही.

तुम्ही जागे झालात ती खोली नऊ फूट रुंद, बारा फूट लांब. एवढ्यातच चूल, पाण्याचा माठ, चपला काढायची जागा आणि झोपायची चटई. शेजारची भिंत इतकी पातळ की पलीकडचा सुतार कूस बदलतो तेही तुम्हाला कळतं. त्याचं तान्हं पहाटेपासून किरकिरतं आहे. बोळाच्या टोकाला सगळ्या चाळीची मिळून एक विहीर, आणि तिच्यापासून फार दूर नाही असा सामायिक संडास. वारा पडलेला आहे. वास नाकात आधी शिरतो, मग घशात बसतो.

फेरीवाले उजाडायच्या आधीच सुरू झाले आहेत. खांद्यावरच्या कावडीत तोफू, शिंपल्या, आंबवलेलं सोयाबीन. प्रत्येकाची हाळी वेगळी, आणि कोण काय विकतो ते शब्द न कळताही सुरावरून ओळखू येतं. विहिरीपाशी बायका तांदूळ धुताहेत. लग्न झालेल्यांचे दात काळे रंगवलेले. त्यातली एक हसते, तेव्हा दचकू नका. तुमच्या हातातली बादली ती ओढून घेते. "द्या इकडं, असं नाही ओढायचं, दोर झिजतो!"

या शहरात दहा लाख माणसं राहतात. त्यातली निम्मी तुमच्यासारखी, म्हणजे कारागीर, दुकानदार, हमाल, मोलकरणी, आणि ही निम्मी माणसं शहराच्या जेमतेम पाचव्या हिश्शात कोंबलेली आहेत. उरलेली जमीन सरदारांच्या वाड्यांची आणि देवळांची. घरं लाकडाची आणि कागदाची, म्हणून आगीची धास्ती कायमची. जागोजागी टेहळणीचे मनोरे, वर घंटा. ती वाजली की दहा लाख माणसं एकदम श्वास रोखतात.

तरी बोळातून बाहेर पडताना पायाखाली बघून चाला. दोन्ही बाजूंनी मातीच्या कुंड्या मांडल्या आहेत. त्यात कळकाच्या काटक्यांवर चढवलेले मॉर्निंग ग्लोरीचे वेल, त्यांचा हंगाम आता संपत आलाय. ज्याच्याकडं अंथरूण पसरायला जागा नाही त्याच्याकडंही एक कुंडी आहे. चिरलेल्या पाकळ्यांचं, वेड्यावाकड्या पानांचं फूल कोणाकडं आलं यावर इथं पैजा लागतात. हे नीट पाहून ठेवा. आज तुम्ही जिथं जाणार आहात ती बाग याच वेडातून उगवली आहे.

मोठ्या रस्त्याला लागलात की एक लांबच लांब पांढरी भिंत सुरू होते. संपता संपत नाही. वरून पाइन वृक्षांचे शेंडे दिसतात, आत कुठंतरी पाणी पडतंय असा आवाज येतो, गारवाही जाणवतो, पण दाराशी दोन पहारेकरी भाले घेऊन उभे आहेत. हा एका दाइम्योचा, म्हणजे सरदाराचा वाडा, आणि आत त्याची बाग. तळी, बेटं, कृत्रिम टेकड्या, पूल. जपानी बाग म्हटल्यावर आज आपल्या डोळ्यांपुढं येते ती बहुतेक हीच. पुण्यात सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान ओकायामाच्या ज्या कोराकुएनवरून बेतलंय, ते कोराकुएनही अशाच एका सरदाराचं. तिथं सामान्य माणसाला दार उघडलं ते १८८४ मध्ये. आज तुम्ही चाळीतले आहात. भिंतीच्या सावलीतून चाला, तेवढीच तुमची.

आता शहरातला असाकुसा भाग. गर्दीचा आवाज देऊळ दिसायच्या खूप आधी येतो. लाकडी चपलांची टकटक, तीही हजारोंची. कान्नोन या देवतेच्या देवळाकडं जाणाऱ्या वाटेवर दोन्ही बाजूंना दुकानं: दात घासायच्या काड्या, खेळणी, भाजलेल्या तांदळाच्या वड्या. केसांना लावायच्या मेणासारख्या तेलाचा गोडूस वास, त्यावर धुपाचा वास, आणि या सगळ्याला कापत जाणारा एक तिसरा. थांबा. कोपऱ्यावर ईल भाजताहेत. सोया सॉस निखाऱ्यावर ठिबकतो, धूर उठतो, आणि माणूस पंख्यानं तो धूर मुद्दाम रस्त्यावर ढकलतो आहे. देवळामागं तमाशे: भोवरे फिरवणारे, कसरती करणारे, एका तंबूबाहेर गळा काढून ओरडणारा माणूस. कोणाचं कोपर बरगडीत बसतं, कोणाची छत्री डोक्याला घासते. पंचा पिळून परत खांद्यावर टाका.

नदीकडं वळा. पूल आहे, नवा होता तेव्हा तिथं सामान्य माणसाला दोन मोन जकात पडायची. सामुराईला नाही. पण आपण थोडं वर जाऊ, टेकडीच्या पायथ्याशी नाव मिळेल. नाव पलीकडच्या काठाला असेल तर तोंडाभोवती हात धरून हाळी द्यायची, मग नावाडी येतो. द्या हाळी. लाजू नका, सगळेच देतात.

सुमिदा नदी रुंद, गढूळ, आणि रस्त्यापेक्षा गजबजलेली. तांदळाच्या पोत्यांनी पाण्यापर्यंत दबलेले पडाव, छत घातलेल्या हौसेच्या नावा, एका वल्ह्यावर सुसाट जाणाऱ्या चिंचोळ्या होड्या. एक पडाव जवळून जातो तेव्हा नावेतले सगळे एकदम नाकाला पंचा लावतात. शहराचा मैला आहे तो. तुमच्या चाळमालकानं शेतकऱ्याला विकलेला, पलीकडच्या मळ्यांत खत म्हणून चाललेला. उद्या त्याच मळ्यांतली भाजी याच नदीवरून उलटी येईल. घाण वाटली तरी विचार करा: या अवाढव्य शहराची घाण नदीत न जाता वांग्यात जाते. मला हे फार शहाणपणाचं वाटतं.

नाव मध्यावर आली, आणि हवा बदलली. जाणवलं का? अंगावरचा घाम पहिल्यांदाच गार लागला. समोर मातीचा उंच बांध, त्यावर चेरीची झाडं, आता नुसती हिरवी. बांधामागं एका देवळाची कमान आहे, पण तिचा फक्त माथा दिसतो, बाकीची बांधाआड बुडालेली. नावाडी काठीनं नाव काठाला लावतो. "सावकाश उतरा हो, चिखल आहे!"

बांधावर चढलात की भूक लागते. चोमेइजी देवळापाशी साकुरामोचीचं दुकान आहे. पातळ पापुद्र्यात गोड लाल चवळीचं पुरण, आणि वरून खारवलेलं चेरीचं पान. गोड, खारट, आणि नाकात एक वेगळाच सुवास जो ताज्या पानाला नसतो, मुरल्यावरच येतो. ही पानं याच बांधावरच्या झाडांची. आता चार वर्षं पुढं डोकावून सांगते: या दुकानाचा १८२४ सालचा हिशेब कोणीतरी लिहून ठेवला, वर्षभरात ७,७५,००० पानं पिंपांत मुरवली. एका मोचीला दोन पानं, किंमत चार मोन. सुतळी सोडा, चार नाणी मोजा, आणि चालता चालता खा. मोठ्या घरची माणसं चालताना खात नाहीत, पण तुम्ही कुठं मोठ्या घरची आहात?

इथून पुढं तेराजिमा गाव. शहर मागं राहिलं. भाताच्या लोंब्या पिवळ्या पडू लागल्या आहेत, बेडूक डबक्यात उड्या टाकतात, बांधाच्या कडेला एक म्हातारी काळीभोर छोटी वांगी टोपलीत घेऊन बसली आहे. या गावची वांगी नावाजलेली. वाट अरुंद, दोघं समोरासमोर आले तर एकानं बाजूला व्हायचं. आणि आता बघा, एक साधं फाटक. पहारेकरी नाही. भाला नाही. हीच ती बाग, ह्याक्काएन, म्हणजे शंभर फुलांची बाग.

फाटकावरची पाटी ओता नाम्पोच्या हातची. विनोदी कविता करणारा शहरातला सगळ्यात लाडका माणूस, आता सत्तरीचा. दोन्ही खांबांवर ओकुबो शिबुत्सु या कवीनं चिनी अक्षरांत दोन ओळी लिहून दिल्या आहेत. बारा महिने इथं फुलं असतात आणि चारी दिशांनी पाहुणे धावत येतात, असा त्यांचा आशय. बाजूच्या टांगत्या कंदिलावर कातो चिकागेनं जुन्या राजदरबारी थाटात लिहिलंय की चहा घ्यावा, खारवलेले प्लमही हजर आहेत. कातो चिकागे म्हणजे जुन्या काव्याचा मोठा पंडित. त्याच्या हातून चहाची जाहिरात! इथल्या पाहुण्यांना त्यातली गंमत कळते, म्हणून फाटकातून शिरतानाच सगळे हसत असतात.

आत या. पहिल्या क्षणी तुमची निराशा होईल, ते मी आधीच सांगते. पांढऱ्या वाळूत ओढलेल्या रेघा नाहीत. कात्रीनं गोल केलेली झुडपं नाहीत. तळं आहे, पण लहान आणि कडेला गवत माजलेलं. वाटा मातीच्या, दोन्ही बाजूंची झुडपं वाटेवर झुकलेली, ती हातानं सारून पुढं जायचं. कोणीतरी माळ्याला कामावरून काढून टाकलंय असं वाटेल. जरा थांबा, डोळे सरावू द्या.

ही हागी. वाकलेल्या फांद्या, बारीक तीन तीन पानं, आणि पानापानाला वाटाण्याच्या फुलाच्या घडणीचं नखाएवढं जांभळं-गुलाबी फूल. फांदी हलवा. पाकळ्या किमोनोच्या बाहीवर पडतात आणि घामानं तिथंच चिकटतात. पलीकडं सुसुकीचं गवत, माणसापेक्षा उंच, नुकते तुरे फुटलेले, अजून ओलसर आणि तांबूस. मग पिवळ्या बारीक फुलांची ओमिनाएशी, निळी घंटेच्या आकाराची किक्यो, कातरलेल्या पाकळ्यांची नादेशिको. हजार वर्षांपूर्वीच्या मान्योशू या काव्यसंग्रहात शरदातल्या ज्या सात फुलांची नावं आली आहेत, ती सगळी इथं लावली आहेत. चिनी जुन्या काव्यातली झाडंही आहेत. पाठ केलेल्या कवितेतलं झाड माणसानं इथं येऊन पानाला हात लावून बघावं, हा बाग लावणाऱ्याचा हेतू.

तो बघा, तळ्याकाठी उकिडवा बसून तण काढतोय. डोकं तासलेलं, कपडे साधे. साहारा किकू त्याचं नाव. सेंदाईकडून एदोत आला, नाटकगृहाला लागून असलेल्या चहाघरात नोकर म्हणून राबला, मग जुन्या वस्तूंचं दुकान काढलं. दुकानात कवी आणि चित्रकार यायचे, तासन् तास बसायचे. दुकान सोडल्यावर त्यानं या गावात एका सामुराईच्या पडक्या वाड्याची जमीन घेतली, साधारण अडीच एकर, आणि मित्रांना सांगितलं, मला प्लमची झाडं द्या. मित्रांनी ३६० झाडं दिली. १८०४ मध्ये बाग उघडली. प्लम सगळ्या फुलांच्या आधी, थंडी सरायच्याही आधी फुलतो, त्यावरून बागेला नाव दिलं साकाई होइत्सुनं. तो चित्रकार तर खऱ्या दाइम्यो घराण्यातला, पण घर सोडून भिक्षू झालेला. म्हणजे सरदारघराण्यातला मुलगा भिंत ओलांडून इथं आला, आणि चहाघरातला नोकर त्याचा यजमान झाला. एदोत उठता-बसता कोण कुणापुढं किती वाकतो याचे नियम आहेत. या तळ्याकाठी ते सैल पडतात, आणि हे मला फुलांहून मोठं वाटतं.

बाकावर बसा. चहा येतो. पेला जाड, हाताला खडबडीत, त्यावर दोन फटकाऱ्यांत काढलेला एक नदीवरचा पांढरा पक्षी. किकू इथंच भट्टी लावून भांडी भाजतो. चहा कडवट, गरम. सोबत लहान बशीत एक उमेबोशी, म्हणजे खारवलेला प्लम. नीट बघा तिच्याकडं. सुरकुतलेली, शिसोच्या पानांनी लालबुंद झालेली, कातडीवर मिठाचे कण चमकताहेत. पुढं झुकून वास घ्या, तोंडाला आधीच पाणी सुटतं. आता चावा. जबडा दोन्ही बाजूंनी आवळतो, एक डोळा आपोआप मिटतो, कानामागं झिणझिणतं. जुनं मुरलेलं लिंबाचं लोणचं नुसतं खाल्लं तर जे होतं तेच. मग चहाचा घोट, आणि तोंडात गोडवा पसरतो. हे प्लम याच बागेतल्या झाडांचे. माघात ज्यांची फुलं बघायला हजारोंनी माणसं आली, त्यांचीच ही फळं.

आता शांततेबद्दल. कारण तुम्ही तिच्यासाठीच आला आहात. इथं निःशब्द असं काही नाही. शेजारच्या बाकावर दोन दुकानदार ताज्या नाटकावरून वाद घालताहेत. एक बाई मांडीवर कागद घेऊन कवितेची ओळ जुळवतेय, ओठ हलताहेत, बोटांवर मात्रा मोजतेय. लहान मुलगा चतुरामागं धावतोय आणि आजी ओरडतेय. तरीही खांदे खाली आले आहेत तुमचे. सकाळपासून पहिल्यांदाच कोणाचं कोपर लागत नाहीये. गवताच्या पात्यांवरून वारा जातो, तो सगळ्यांच्या बोलण्याच्या वरून ऐकू येतो. आवाज आहेत, पण त्यांच्यात अंतर आहे. चाळीत जागा विकत मिळत नाही, इथं ती चहाच्या पेल्याबरोबर मिळते.

ही बाग नंतर पुरात बुडाली, १९४५ च्या बाँबहल्ल्यात जळून खाक झाली, आणि १९४९ मध्ये पुन्हा उघडली. आज गेलात तर हागीच्या फांद्या कळकाच्या कमानीवर चढवून केलेला बोगदा मिळेल, आणि तळ्यामागं ६३४ मीटर उंचीचा स्कायट्री मनोरा उभा दिसेल. कातो चिकागेचे शब्द आणि शिबुत्सुच्या दोन ओळी अजून दाराशी आहेत. पण आत्ता ते राहू द्या, आत्ता संध्याकाळ होतेय.

ऊन उतरलं आणि डास निघाले. नदीच्या या बाजूचे डास बदनाम आहेत. एक पोरगा मडक्यात ओला पाला धुमसवत फिरतो, त्या धुरात डोळे चोळत बसायचं. आणि मग गवतातून एक टिपूर आवाज. एकच. रातकिडाच, पण आवाज बारीक घंटेचा. मग दुसरा, मग बागभर, मग बागेबाहेरच्या भातातून. शहरात हेच किडे बांबूच्या इवल्या पिंजऱ्यांत घालून विकतात, माणसं पैसे देऊन ते खोलीत टांगतात. इथं पिंजरा नाही. नाटकावरचा वाद थांबलेला नाही, पण दोघं आता हळू बोलताहेत.

चंद्र सुसुकीच्या तुऱ्यांमागून वर आला, अजून दोन कला कमी. उठा आता. चाळीचं फाटक रात्री बंद होतं, उशीर झाला तर पहारेकऱ्याची बोलणी खावी लागतील. किकूला वाकून नमस्कार करा. तो चिखलाचे हात पुसतो आणि म्हणतो, "माघात या. प्लम फुलतील तेव्हा. थंडी असेल, अंगावर जाड घालून या."

चालत परत जायची गरज नाही. बांधाखाली छताची नाव उभी आहे, चार अनोळखी माणसं आहेत, पाचव्याला जागा आहे. पैसे वाटून द्यायचे. नाव खालच्या दिशेला लागते, आणि वळणावरच तुम्हाला तो गोंगाट ऐकू येतो. र्‍योगोकूच्या पुलावर माणसं इतकी दाटली आहेत की पुलाचे कठडे दिसत नाहीत. पाण्यावर नावांना नावा घासताहेत, कंदीलच कंदील, शामिसेनची तार, भाजलेल्या मक्याचा वास, कलिंगडाच्या फोडी विकणारी होडी थेट तुमच्या कडेला येऊन आदळते. मग एक जाळाची रेघ अंधारात चढते, वर जाऊन फुटते, केशरी ठिणग्या नदीवर कोसळतात, बारुदाचा वास नाकात भरतो. दारूकाम करणारी घराणी दोन. पुलाच्या खालच्या अंगाला कागिया, वरच्या अंगाला तामाया. ज्याचा बाण चढला त्याच्या नावानं सगळ्या नदीनं ओरडायचं, अशी रीत आहे. तुम्ही वरून आलात, हा बाण तुमच्या बाजूचा. नावेतले चौघं तुमच्याकडं बघताहेत. घ्या श्वास भरून, आणि ओरडा: "तामायाऽऽ!"